बदकांच्या शिकारीचा कोट

अप्पा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी शिलाईच्या मशीनचा आवाज आठवावा लागतो, मग त्याच्या मागून तुमचा येतो. पत्र लिहायचं असं काही ठरवलं नव्हतं. पण गेल्या रविवारपासून मन थाऱ्यावर नाही, आणि ज्या माणसाशी बोलायला हवं ते तुम्हीच आहात, म्हणून बसले. विषय तुमच्या कोटाचा. तुम्ही माझ्यासाठी शिवलेल्या त्या कोटाची गोष्ट मी जन्मभर सगळ्यांना सांगत आले, फक्त तुम्हाला कधी सांगितली नाही. आता सांगते. आधी लोकांना सांगते तशी, आणि मग जशी घडली तशी.

लोकांना सांगताना मी सुरुवात दुकानापासून करते. म्हैसुरात मार्केटच्या मागच्या गल्लीतलं आपलं दुकान, दोन मशीनं, एक कापायचं टेबल, भिंतीवर विठोबाची तसबीर आणि तिच्या शेजारी खुंटीला टांगलेला एखादा शिकारीचा कोट. इथे ऐकणारे हसतात, कारण मी लगेच सांगते की माझ्या वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती, आणि हा माणूस मेलेली बदकं ठेवायच्या खिशाला आतून रेक्झीनचं अस्तर लावायचा, रक्त बाहेर झिरपू नये म्हणून. आजोबांनी राजवाड्यात येणाऱ्या पाहुण्यांसाठी असे कोट शिवले होते, ती विद्या तुमच्याकडे आली. पुढे राजांचा अंमल संपला, राज्यं नव्याने आखली गेली, आपल्या राज्याचं नाव मात्र अजून म्हैसूरच होतं. तळ्यांवर बदकं उतरत होती आणि डबल बॅरल घेऊन त्यांच्यामागे जाणारे लोकही होते. कोडगूचे कॉफीमळेवाले, बन्नूरचे ऊसवाले, हुणसूरचा एखादा तंबाखूवाला. तुम्ही स्वतः बंदुकीला कधी हात लावला नव्हता. पण गिऱ्हाइकाला उभं करून त्याच्या हातात लाकडी गज द्यायचात, "बदक उडालं असं समजा सार, आता तिरुगी," म्हणायचात, आणि तो वळला की पाठीवर कापड कुठे ताणतं ते बघून खडूची खूण करायचात. मी शाळेतून आले की दारात दप्तर घेऊन हे बघत उभी राहायचे. मोठी मोठी माणसं आपल्या दुकानात गज घेऊन गोल फिरताहेत याची मला तेव्हा फार ऐट वाटायची.

मी कॉलेजात गेले आणि एन.सी.सी.त नाव घातलं तेव्हा आईने तोंड वाकडं केलं, तुम्ही नाही. रायफलच्या आंतरकॉलेज सामन्यासाठी माझी निवड झाली त्या दिवशी तर तुम्ही दुकानाच्या पायरीवर उभे राहून समोरच्या पितळेच्या भांडीवाल्याला ओरडून सांगितलंत, "आमची मुलगी बंदूक मारायला निघाली, गोत्ता? ठाऊक आहे का?" त्याला काही विशेष वाटलं नसावं, कारण तुम्ही तेच परत एकदा सांगितलंत. सामन्यातल्या पहिल्या दोघींना बेंगळूरला नेणार होते आणि तिथे जमलं तर दिल्लीला. आपल्या घरातलं कुणी तोवर दिल्लीला गेलं नव्हतं. तुम्ही दिल्लीची थंडी किती असते हेसुद्धा विचारून आला होतात.

दसऱ्याचे दिवस. दुकानात कपड्यांचा ढीग, गिऱ्हाइकं पायरीवर येऊन ओरडताहेत, आणि तुम्ही भर दुपारी कागदात गुंडाळलेलं काहीतरी काखेत घेऊन घरी येता. आई सारूला फोडणी देते आहे, मी पाटावर बसून लसूण सोलते आहे. "आधी घाल, मग बोल," असं म्हणून तुम्ही ते माझ्या मांडीवर ठेवता. खाकी ड्रिलचा कोट. उजव्या खांद्यावर गादी भरून वर मऊ कातड्याचा तुकडा. पाठीवर दोन्ही बाजूंना खोल चुण्या, हात फिरवायला मोकळीक मिळावी म्हणून. छातीवर काडतुसं अडकवायच्या पट्ट्यांची रांग, पोटाशी दोन फुगीर खिसे, आणि मागे रेक्झीनचं अस्तर लावलेला बदकांचा खिसा. तुमच्या हातून इतका देखणा कोट मी त्याआधी पाहिला नव्हता. मी तो घातला आणि छातीवरच्या पट्ट्यांवरून हात फिरवला.

"अप्पा, हा त्या बदकांच्या बंदुकीचा आहे."

"बंदूक ती बंदूकच की गं. खांद्याला लावायची ना? मग आयतु, झालं!"

"अल्ल अप्पा, तसं नाही, आमची रायफल असते. आम्ही झोपून मारतो."

"झोपून?" तुम्ही आईकडे बघितलंत. "झोपून काय मारता? ढेकूण?"

आई इतकी हसली की फोडणी करपली. मलाही हसू आलं. मी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा आईने डोळ्यांनीच दटावलं, आणि तुम्ही तर गुडघ्यावर बसून कोटाची खालची कड सारखी करत होतात. माझं बोलणं तिथेच राहिलं.

त्या दुपारी सांगायला हवं होतं ते आता सांगते. पुढे शाळेत विज्ञान शिकवताना मी किती अवघड गोष्टी किती मुलांना समजावल्या, तुम्हाला ही एक समजावली नाही. तुमच्या गिऱ्हाइकांची असते ती शॉटगन. तिची नळी आतून गुळगुळीत, आपल्या चुलीजवळच्या फुंकणीसारखी. काडतुसात बहुतेक वेळा एक गोळी नसते, मूठभर छर्रे असतात, आणि नळीबाहेर पडले की ते पांगत जातात. बदक उडतं, म्हणून मारणारा उभा राहतो, दोन्ही डोळे उघडे ठेवतो, पक्ष्याबरोबर नळी फिरवतो आणि फिरवता फिरवता, त्याच्या जरा पुढे, चाप ओढतो. त्यात अंदाज मोठा. थोडं इकडेतिकडे झालं तर छर्ऱ्यांचा पसारा सांभाळून घेतो, पण लांबचं काही लागत नाही. अशा माणसाला कोट सैलच हवा. तुमचं काही चुकलं नव्हतं, गिऱ्हाईक चुकीचं होतं. रायफलच्या नळीत आतून पीळ दिलेल्या खाचा असतात. त्यांतून जाताना गोळी स्वतःभोवती गरगर फिरते आणि त्यामुळे लांबवर सरळ जाते. गोळी एकच असते, सांभाळून घ्यायला पसारा नाही. म्हणून मारणाऱ्याने अजिबात हलायचं नसतं. तो पोटावर झोपतो, कोपरं जमिनीत रोवतो, पट्टा दंडाला आवळतो, श्वास थोडा सोडून थांबवतो, नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी आणि समोरचा काळा ठिपका एका रेषेत आणतो, आणि चाप इतका हळू दाबतो की बार कधी उडेल ते त्यालाही आधी कळू नये. त्याला कोट लागतो जाड आणि घट्ट, कोपरांना गादी असलेला, छातीवर शक्यतो काहीही नसलेला. एवढंच होतं सांगायला. सारूला दुसऱ्यांदा फोडणी देईपर्यंत सांगून झालं असतं.

तर लोकांना सांगते त्या गोष्टीत पुढे मी सामन्याच्या दिवशी तो कोट घालून गावाबाहेरच्या मैदानावर जाते. आम्हाला शिकवणारे उस्ताद मला वरून खालून बघतात, काडतुसांच्या पट्ट्या बघतात, मागचा खिसा उचलून बघतात आणि सगळ्या मुलींसमोर विचारतात, "एनम्मा, बातुकोळी होडियक्के बंदिद्दीया?" बदकं मारायला आलीस का, म्हणून. इथे मी नेहमी थांबते, कारण हशा ओसरायला वेळ लागतो. मग मी पालथी झोपते. छातीवरच्या पट्ट्या बरगड्यांत रुततात. पाठीच्या चुण्या खांद्यावर येऊन गोळा होतात आणि रायफलचा खांद्याला टेकायचा दस्ता दर वेळी नव्या जागी बसतो. फुगीर खिशांवर मी होडीसारखी डुलते. हे सगळं मी करून दाखवते, अप्पा. लग्नानंतर सासरी करून दाखवलं, शाळेच्या स्टाफरूममध्ये करून दाखवलं, मुलाच्या बारशालासुद्धा कुणीतरी आग्रह केला. मी तुमचा आवाज काढते. "बंदूक ती बंदूकच की गं," म्हणताना तुमची मान डावीकडे कलायची ती लकबसुद्धा काढते. आणि शेवटी दोन्ही हात पसरून म्हणते, "अशी मी घरच्याच टेलरमुळे दिल्लीला जायची राहिले!" टाळ्या पडतात. तुमच्या नातवंडांना तुमच्याबद्दल जे काही ठाऊक आहे ते एवढंच आहे. माळ घालणारा एक गमतीदार म्हातारा, ज्याला रायफल आणि शॉटगन यातला फरक कळत नव्हता.

आता जशी घडली तशी. कोट आड येत होता हे खोटं नाही. पहिल्या फेरीत दोन-तीनदा दस्ता खांद्यावरून सरकला. पण मला माझं ठाऊक होतं. कोट अंगात नव्हता तेव्हाही माझी एक जुनी खोड होती, आणि उस्ताद तिच्यावरून महिनोन्महिने ओरडत होते, "ओत्तु, एळीबेड." दाब, ओढू नकोस. मला धीर नव्हता. ठिपका रेषेत आला की तो निसटायच्या आत मी चाप खस्सकन ओढायचे, जसा तुमच्या शिकाऱ्यांनी ओढला तरी चालतो. सरावात अंगवळणी पडलं होतं ते, सामन्यात लोक बघताहेत म्हटल्यावर ते दुप्पट झालं. पहिली फेरी संपली, कागद जवळ आणून दाखवले, माझ्या गोळ्या कागदभर पांगल्या होत्या. उस्ताद माझ्याजवळ उकिडवे बसले. त्यांचा आवाज या वेळी अगदी मऊ होता. "कोटु तेगदुबिडम्मा," म्हणाले. काढून टाक तो कोट, आत शर्ट आहे ना, तेवढ्यावर मार, अजून दोन फेऱ्या आहेत.

मी काढला नाही. तुम्ही लांब चिंचेखाली डबा मांडीवर घेऊन बसला होतात, दुकान बंद ठेवून आला होतात, तुमच्या डोळ्यांदेखत कोट कसा काढायचा, असं मी उस्तादांना पुटपुटत सांगितलं. ते बिचारे उठून पुढच्या मुलीकडे गेले, त्यांना भरूनसुद्धा आलं असेल. पुढे कित्येक वर्षं मीही स्वतःला हेच सांगत होते, आणि त्यात मला स्वतःचं कौतुकही वाटायचं. पण अप्पा, ते तसं नव्हतं. कोट अंगात होता तोवर मी का हरते आहे याचं कारण माझ्या अंगावर सगळ्यांना दिसत होतं. काढला असता आणि तरीही गोळ्या तशाच पांगल्या असत्या, तर मग काय सांगणार होते? मी बटणं वरपर्यंत लावली आणि पुन्हा पालथी झोपले. उरलेल्या दोन्ही फेऱ्यांत मी फार प्रयत्नही केला नाही. मला लाज वाटते ती हरण्याची नाही, त्या बटणांची वाटते.

परत येताना बसमध्ये गर्दी होती. तुम्हाला खिडकीशी जागा मिळाली ती तुम्ही मला दिलीत आणि दांडीला धरून उभे राहिलात. डबा तसाच भरलेला होता. चामुंडी बेट्ट्याचा डोंगर दिसायला लागल्यावर तुम्ही वाकून हळूच विचारलंत, "कोट आड आला का गं?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मग म्हणालात, "सरी, होगली बिडु." जाऊ दे, सोडून दे. ते मला म्हणालात की स्वतःला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी तुमचा डबा घेऊन दुकानात आले होते. बन्नूरचे ते जुने ऊसवाले गिऱ्हाईक पायरीवर बसले होते, मुलाला नवी बारा बोअरची बंदूक घेतली म्हणून मुलासाठी कोट सांगायला आले होते. तुम्ही मान खाली घालून काज करत होतात. "ते काम आता सोडलं सार," तुम्ही त्यांना कानडीत म्हणालात, "बंदुकीतलं मला काही कळत नाही." ते मोठ्याने हसले, त्यांना वाटलं तुम्ही भाव खाताय. तुम्ही हसला नाहीत. सुई तशीच चालू राहिली. मी डबा टेबलावर ठेवला आणि आत आडोशाला जाऊन उभी राहिले. त्या वेळी बाहेर येऊन एक वाक्य बोलायचं होतं, तुमचा कोट शिकाऱ्याला एकदम बरोबर आहे, तो माझ्यासाठी नव्हता. ते गिऱ्हाईकही बसलेले होते, तुम्हीही होतात. मी पेल्यातलं पाणी पीत राहिले. खुंटीवर त्यानंतर शिकारीचा कोट कधी दिसला नाही. पुढे शिकारीवर बंदी आली, तेव्हा मी मनाशी म्हटलं की तसंही हे काम बंदच पडणार होतं. असं म्हणून बरं वाटलं हेही खरं.

आईला सगळं कळायचं. ती एकदा भांडी विसळता विसळता म्हणाली, "त्यांना एक शब्द सांग गं, कोट बरा होता म्हणून. खोटं का असेना, सांग." मी म्हटलं, सांगेन. त्यात खोटं काहीच नव्हतं, हे तिला कुठे माहीत? तुम्ही त्यानंतर पुष्कळ जगलात. माझं लग्न झालं, तुम्ही जावयाचा सूट शिवलात, नातवाची झबली शिवलीत. शेवटी डोळे गेले तेव्हा मी तुमच्या उशाशी बसून कितीतरी गप्पा मारल्या. कोटाचा विषय तुम्ही काढला नाहीत आणि मी तर नाहीच. लोकांना मात्र मी ती गोष्ट तेव्हाही सांगत होते, तुम्ही आतल्या खोलीत असताना, बाहेर, आवाज जरा खाली आणून.

गेल्या रविवारी हूटगळ्ळीला मुलाच्या नव्या घरी सगळे जेवायला जमलो होतो. मुलाचे ऑफिसातले दोघं-तिघं होते. जेवणं झाल्यावर मुलगाच म्हणाला, आई, ती कोटाची गोष्ट सांग. मी सांगितली, सगळी, झोपून दाखवायचं सोडून, आता गुडघे ऐकत नाहीत. हशा झाला. सून पपई चिरत होती. ती नाशिकची, आपल्या घरात येऊन तिला दहा-बारा वर्षं झाली, तिने ही गोष्ट किती वेळा ऐकली असेल देव जाणे. सुरी थांबवून तिने सहज विचारलं, "पण आई, बाकीच्या मुलींनी काय घातलं होतं? त्यांच्याकडे होते का तसले रायफलचे कोट?" तिच्या मनात काही नव्हतं हो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी म्हटलं, "आता कुठे आठवायला? किती वर्षं झाली." मग पपईच्या गोडीवर बोलणं गेलं.

आठवतं, अप्पा. कुणाकडेच कोट नव्हता. तसले कोट तेव्हा आम्ही कुणी पाहिलेसुद्धा नव्हते, मी तुम्हाला वर्णन करून सांगितला तो मी पुढे कितीतरी वर्षांनी टीव्हीवर बघितला. पहिली आली ती हुणसूरकडच्या एका खेड्यातली मुलगी होती, पहाटेची बस धरून आलेली. तिच्या अंगात सरकारने दिलेला खाकी शर्ट होता, तिच्या मापाचाही नव्हता, आणि उजव्या कोपराला शर्ट फाटला होता तिथे तिने हातरुमालाची चौपदरी घडी बांधली होती. ती माझ्या शेजारच्याच जागेवर झोपली होती. प्रत्येक गोळीला ती इतका वेळ घ्यायची की मला वाटायचं हिला झोप लागली. तिचा रुमाल निळ्या काठाचा होता. बसमध्ये तुम्ही विचारलंत तेव्हा मला खिडकीबाहेर तोच दिसत होता, आणि परवा सुनेने विचारलं तेव्हाही.

हा कागद कुठे पाठवायचा प्रश्नच नाही, तुमचं दुकान होतं तिथे आता मोबाइलची दुकानं आहेत, आणि घरात कुणाच्या हाती पडायच्या आत मी तो फाडून टाकीन. येत्या रविवारी पुन्हा सगळे जमणार आहेत, सुनेच्या माहेरचे लोक पहिल्यांदाच म्हैसूरला येताहेत, आणि मुलगा म्हणेलच, आई, ती गोष्ट. यापुढे ती सांगणार नाही, किंवा सांगितली तर रुमालासकट सांगेन, असं तुम्हाला इथे लिहून द्यावं म्हणून मघापासून पेन धरून बसले आहे. लिहिता येत नाही. ती गोष्ट मला फार छान जमते, अप्पा.